निम्मं आटवलेलं पाणी

आमच्या गावच्या नळाचं पाणी तपासायचं काम माझ्या गळ्यात पडलं, ते मी बैठकीला पुढच्या ओळीत बसले होते म्हणून. लातूरला प्रशिक्षण झालं, तपासणीची पेटी मिळाली. बाटलीत पाणी घ्यायचं, पुडी टाकायची, रंग तक्त्याशी ताडायचा आणि आकडा मोबाईलवर भरायचा. तो आकडा आधी तालुक्याला, रेणापूरला जातो म्हणे, तिथून लातूरला. माझ्या शेजारणीच्या घरात मात्र जात नाही.

या उन्हाळ्यात नायट्रेटच्या बाटलीत पाणी गडद गुलाबी झालं, म्हणजे नायट्रेट मर्यादेबाहेर. पुन्हा करून बघितलं, तेच. मोठ्यांचं एक वेळ निभावतं, पण तान्ह्या लेकराला हे पाणी देऊ नका, अंग निळं पडतं, असं आम्हाला बजावलं होतं. मी ग्रामपंचायतीत गेले. म्हटलं, भोंग्यावरून सांगा, नाहीतर नळाजवळच्या भिंतीवर तरी लिहा. सरपंच म्हणाले, "ताई, लगीनसराई हाय. भिंतीवर असलं लिहिलं तर ह्या गावात पोरगी कोण देईल?" आणि मला चहा पाजला. पुढच्या खेपेला चहाही मिळाला नाही. मग मी जायचं सोडलं. भांडायलासुद्धा अंगात त्राण लागतं.

पुढं पावसाळ्यात माझी लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. तिला दूध पुरेना, म्हणून बाळाला वरचं पावडरचं दूध. त्यासाठी मी फाट्यावरून फिल्टरच्या पाण्याचा जार मागवायची. घरात बजावून ठेवलं होतं, नळाचं पाणी बाळाला नको; का, ते सांगत बसले नाही.

एकदा दुपारी शेतातून आले, तर थोरल्या जाऊबाई दुधाची बाटली हलवत बसलेल्या. गल्लीतल्या प्रत्येक बाळंतिणीचा शेक, धुरी, गुटी त्यांच्याच सल्ल्यानं चालते.

"जार आलाच न्हाई," त्या म्हणाल्या. "नळाचं घेतलं. पण भिऊ नगंस, सकाळधरनं उकळलंय. निम्मं आटवलंय."

मी बाटली हिसकावली आणि मोरीत ओतली. बाळ रडायला लागलं, लेकीनं त्याला अंगावर घेतलं. जाऊबाईंचं तोंड एवढंसं झालं. मला फार वाईट वाटलं, पण समजूत काढायचाही कंटाळा आला होता. तिथंच उंबऱ्यावर बसले.

"अक्का, उसाचा रस आटवला की गोडी जाती का?"

"जाती कशी? घट्ट व्हती."

"ह्या पाण्यातलं वाईट तसंच घट्ट होतं. पाणी आटतं, ते आटत नाही."

त्या उठून उभ्या राहिल्या. "तुला कवाधरनं ठावं हाय हे?"

"उन्हाळ्यापासून. ग्रामपंचायतीला सांगितलं की."

"ग्रामपंचायतीच्या मांडीवर लेकरू हाय का गं?"

मी रिकामी बाटली खाली ठेवली. "खालच्या आळीतल्या बाळंतिणीला म्या परवाच सांगून आले," त्या म्हणाल्या, "लई उकळ म्हणून." चपला पायात सरकवून त्या निघाल्यासुद्धा. गुडघे धरत मी उठले आणि त्यांच्या मागं गेले.

अंगणात चुलीवर पातेलं खळखळत होतं. आम्हाला बघून बाळंतिणीची सासू हसून म्हणाली, "या अक्का, तुमी सांगितलं तसंच करायलोय."