रस्ता चुकलीस तर काय करशील?

राजदीप पेन्सिलीला दोन्ही बाजूंनी टोक काढायचा. मूल समोर बसलं की मनगटावरचं घड्याळ काढून खिशात टाकायचा आणि स्टॉपवॉच टेबलाखाली, मांडीवर धरायचा. बसायला मुलांचीच बुटकी खुर्ची घ्यायचा. गुडघे छातीला लागायचे. मुलाच्या उत्तराला 'चूक' हा शब्द त्याच्या तोंडून कधी निघाला नाही. आणि मुलानं जांभई दिली, की तो पेन्सिल खाली ठेवायचा. थकलेल्या लेकराची परीक्षा घ्यायची नाही. उरलेलं पुढच्या वेळी.

ही शेवटची सवय सुनीलच्या डोक्यातून जात नाही.

राजदीप कळंबचा. मानसशास्त्रात एम.ए. करून यवतमाळला, लोहाऱ्याच्या वाटेवरच्या एका संस्थेत मुलांच्या बुद्धिमत्ता चाचण्या घ्यायचा. वर्गात मागे पडणारी मुलं शाळा त्याच्याकडे पाठवत. प्रश्न, चित्रं, रंगीत ठोकळे. शेवटी एक आकडा. सुनील त्याचा कॉलेजातला मित्र. मराठी वाङ्मयाचा पदवीधर, पण बंजारा तांड्यावरचा. घरात गोरबोली, बाहेर मराठी.

मे महिन्यात एका दुपारी राजदीप तांड्यावर येऊन बसला. पुढ्यातला चहा निवला तरी हात लावला नाही.

"सुनील, तुमच्यात लेकराले काय शिकवतात बे? रस्ता चुकला तर काय करायचं?"

"बसायचं. जिथं आहे तिथंच. ऊसतोडीले गेलो की फडात पोरगं हरवतेच. मग मोठी माणसं हाका मारत मागं येतात. चालत राह्यलेलं पोरगं सापडत नाही."

राजदीपनं निवलेला कप बाजूला सारला.

"मी त्या उत्तराले शून्य देल्लं," तो म्हणाला.

बबिता अशाच एका तांड्यावरची, आठ वर्षांची. आईबाप बाहेरगावी मजुरीला, सांभाळायला आजी, मानीबाई. चाचणीत प्रश्न होता, रस्ता चुकलीस तर काय करशील? बबिता म्हणाली, बसून राहीन. उत्तरसूचीत लिहिलं होतं, कोणाला तरी विचारीन. असे बरेच प्रश्न गेले. कित्येकांना तर ती नुसती बघत राहिली. बुद्धीचं वय भागिले खरं वय, गुणिले शंभर. आठ वर्षांची बबिता कागदावर पाचाची निघाली. त्या आकड्यावर तिला दूरच्या एका मतिमंद मुलांच्या वसतिगृहात पाठवायचं ठरलं. जूनमध्ये गाडी येणार होती.

"तिले मराठी कळतच नव्हतं," राजदीप म्हणाला. "अन् मी ते मंदपण समजलो."

त्यानं संस्थेच्या प्रमुखांना गाठलं. ते म्हणाले, गाडी यायच्या आत नवा अहवाल द्या, बघू.

दोघं कामाला बसले. सुनील प्रश्न गोरबोलीत आणायचा, राजदीप तपासायचा.

"तुम्ही साहित्यवाले एका शब्दाले तास लावता."

"तुले शून्य द्याले किती लागला होता?"

राजदीप हसला. मग हसणं थांबलं.

त्या दिवसांत तो चाचणीची जन्मकथा सांगायचा. शंभरावर वर्षं झाली. पॅरिसच्या शाळांत काही मुलं मागे पडत होती. ती शोधायची आणि त्यांना जास्तीचं शिकवायचं, म्हणून बिने नावाच्या माणसानं प्रश्न बांधले. सोपे आधी, अवघड मागून; कोणत्या वयाची बहुतेक मुलं कोणता प्रश्न सोडवतात, ते बघून. त्यानं बजावलं होतं, हा आकडा म्हणजे माणसाची कायमची उंची नव्हे. तो गेला. प्रश्न अमेरिकेत पोचले. तिथं बोटीतून उतरणाऱ्या परक्या मुलखातल्या माणसांना बसवून विचारले गेले, आणि कितीतरी माणसं मंदबुद्धीची ठरली.

"त्यांची भाषा?" सुनीलनं विचारलं.

"कोण विचारते?"

"म्हणजे आम्ही बोटीतून उतरलो."

"हो. अन् धक्क्यावर मी उभा."

नुसतं भाषांतर म्हणजे चाचणी नव्हे, हेही त्यानंच सांगितलं. पुष्कळ तांड्यांवरच्या मुलांवर ते आधी पारखावं लागतं. म्हणून गोरबोलीतली उत्तरं फक्त अहवालाला जोडायची. आकडा काढायचा ठोकळ्यांवर: चित्र बघून तसाच नमुना लावायचा. ठोकळ्यांना भाषा लागत नाही.

शनिवारी बबिता आली. सुनीलनं गोरबोलीत पहिला प्रश्न विचारला, तशी तिनं चमकून आजीकडे पाहिलं. मग बोलत सुटली. रस्ता चुकल्यावर का बसायचं, हे तिनं राजदीपला हातवारे करून समजावलं. बसल्या जागी हाक ऐकू येते म्हणे. राजदीप मान हलवत राहिला. नेहमीपेक्षा जरा जास्तच.

ठोकळे काढले, आणि तिनं जांभई दिली. राजदीपनं पेन्सिल खाली ठेवली.

"आता थोडंच तर राह्यलं," सुनील म्हणाला. "घेऊन टाक ना."

"झोपेतला आकडा नको तिच्या नावावर. एकदा चुकलो न बे." मग बबिताकडे वळून तो म्हणाला, "सोमवारी ये, बाई. इथंच भेटू." सुनीलनं ते तिला तिच्या बोलीत सांगितलं.

त्याच संध्याकाळी कळंबच्या रस्त्यावर एक भरलेली ट्रॉली उभी होती. मागं दिवा नव्हता. राजदीपची गाडी तिच्यावर आदळली.

रविवारी कळंबला त्याच्या अंत्यविधीला सुनील पांढरा सदरा घालून उभा राहिला. सगळ्यांबरोबर त्यानंही त्रिसरण म्हटलं.

सोमवारी तो संस्थेत पोचला तेव्हा बाकावर मानीबाई आणि बबिता आधीच बसलेल्या होत्या. त्यांना कोणी काही सांगितलं नव्हतं.

"अर्धवट चाचणी धरता येत नाही," प्रमुख म्हणाले. "नवा माणूस पावसाळ्यानंतर येईल."

"गाडी?"

"गाडी ठरल्याप्रमाणे."

"ठोकळे तेवढे राहिलेत, सर. मी समोर मांडतो."

"तुम्हाला तो अधिकार नाही."

सुनीलनं बाहेर येऊन मानीबाईला गोरबोलीत सगळं सांगितलं. तिनं ओढणी तोंडावर घेतली. थोड्या वेळानं उठली, नातीचा हात धरला. बबिता उठेना. साहेब इथंच भेटणार आहेत, ती म्हणाली.

दार उघडं होतं. टेबलावर लाल-पांढरे ठोकळे तसेच होते. पेन्सिल राजदीपनं ठेवली तिथंच. नमुन्याचं पहिलं चित्र उघडं होतं, आणि त्यापुढं एकही ठोकळा लावलेला नव्हता.