धक्का न लागता केळझरपर्यंत

रूपराव भोयरांच्या अंगणात तूर वाळत नाही, तिथं ट्रक उभा असतो. मी त्यांचा शेजारी, त्यामुळे मला त्याची सवय झाली आहे. नवखा माणूस मात्र रस्त्यात थबकतो. समुद्रपूर तालुक्यातल्या शेतकऱ्याच्या दारात लष्कराची गाडी कशी, असं त्याला वाटतंच.

गाडी शक्तिमान आहे. हिरवी, लांब नाकाची, मागं ताडपत्रीचा टप. असाच ट्रक रूपरावांनी फौजेत असताना वर्षानुवर्षं डोंगरात चालवला. मग हवालदार होऊन घरी आले, शेती केली, मुलीचं लग्न केलं. एक दिवस ताराचंद भंगारवाल्याच्या आवारात त्यांना हा ट्रक दिसला. रूपराव मितभाषी. त्या संध्याकाळी घरी येऊन बायकोला एवढंच म्हणाले, "अवं, त्याले कापणार हायेत." गावातल्या एखाद्या माणसाबद्दल सांगावं तसं. दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टरनं ओढत ओढत ट्रक अंगणात आला आणि तिथंच राहिला.

त्याचं काम करताना रूपराव त्याच्याशी हिंदीत बोलतात. बायकोशी, बैलाशी, माझ्याशी वऱ्हाडी, ट्रकशी मात्र, "चल बेटा, थोडा और." फौजेतल्या गाडीला मराठी कळत नाही, असं त्यांचं मत आहे. चालू करण्याआधी ते एक फेरी मारतात, प्रत्येक चाकावर मूठ आपटतात आणि डॉक्टरासारखा कान देतात.

शोभाबाई, त्यांची बायको, माझी विद्यार्थिनी. ती चौथीत असताना मी चुकून एक गुण जास्त दिला, तर पाटी घेऊन परत आली होती. तेव्हापासून तिचा शब्द कुणी मोडत नाही. यंदा कापूस घरी यायच्या आधी अंगण मोकळं व्हावं म्हणून तिनं ट्रकचा निकाल लावायचं ठरवलं आणि मला साक्षीला बोलावलं.

"हे पाहा जी," ती नवऱ्याला म्हणाली, "केळझरच्या गणपतीपर्यंत न्या. मी संगं येतो. कोणाचा धक्का न लागता पोचली, तर राहू द्या अंगणात, मी शब्द नाई काढणार. धक्का लागला, तर ताराचंदले फोन."

"अन् धक्का लागला का नाई, हे ठरवीन कोण?"

"मी."

"तूच?"

"काऊन, माह्यावर भरोसा नाई?"

भरोसा होता. रूपरावांची अडचण तीच होती.

चतुर्थीला सकाळी आम्ही निघालो. रूपराव स्टिअरिंगवर, शोभाबाई मध्ये, मी खिडकीशी. नागपूरचा मोठा रस्ता रूपरावांनी टाळला. कुणी मागून पुढं गेलं की ट्रकला वाईट वाटतं, म्हणाले. गावागावांतून, शेतांच्या कडेनं सिंदीवरून जायचं ठरलं. पहिल्याच खड्ड्यात माझा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला, दुसऱ्यात मांडीवर. गाडी अशी गर्जत होती की बोलायचं तर ओरडायलाच लागे.

शोभाबाई ओठ घट्ट मिटून, समोरचा लोखंडी दांडा धरून बसली होती. मग एका वळणावर तिची नजर बाहेर गेली. शक्तिमानमध्ये माणूस फार उंच बसतो. जन्मभर जी तूर तिच्या डोक्यावरून गेली, ती आता खाली होती, आणि पलीकडचं सगळं शिवार उघडं पडलं होतं.

"अवं माय!" ती ओरडली. "रुख्माबाईचा हरभरा पाहा न गुरुजी! मले सांगे, जळाला म्हणून. जळाला म्हणे!"

मला हसू आलं. का कोण जाणे, मग ते थांबेचना. रूपरावही हसू लागले. पुढं कुणाच्या छतावरचे पापड दिसले, कुणाच्या कुंपणाआडचा नवा गोठा दिसला, कापूस वेचणाऱ्या बायांनी ओढण्या हलवल्या आणि शोभाबाईनं अर्धा हात बाहेर काढून उत्तर दिलं. समोरून आलेल्या एसटीनं बाजूला होऊन वाट दिली. तिच्या ड्रायव्हरनं कपाळाला हात लावून सलाम ठोकला. रूपरावांनी स्टिअरिंगवरचा हात न काढता नुसती मान ताठ केली.

"थोडी हळू घ्या न जी," शोभाबाई म्हणाली, "दिसू तर द्या."

रूपरावांनी तिच्या डोक्यावरून माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत ट्रकचं निम्मं आयुष्य वाचल्याचा आनंद होता.

सिंदीच्या अलीकडे एका फाट्यावर बकऱ्यांचा कळप आडवा आला. रूपरावांनी ब्रेक दाबला. इंजिन घरघरत होतं, बकऱ्या सावकाश जात होत्या. फाट्यावर पानठेला होता, आणि पानठेल्यावर जी माणसं असतात ती होती. थांबलेली जुनी गाडी दिसली की आमच्याकडचा माणूस विचारत बसत नाही, थेट पाठ लावतो.

"बंद पडून राह्यली रे! मारा धक्का!"

आठ-दहा जण मागं धावले. रूपराव खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर आले. "हात काढा! अरे हात काढा!" इंजिनाच्या आवाजात कुणाला ऐकू आलं नाही. हा माणूस हातवारे करून जोर चढवतोय असं समजून त्यांनी दुप्पट ताकद लावली. तेवढ्यात शेवटची बकरी गेली, रूपरावांनी घाईघाईनं क्लच सोडला आणि गाडी पुढं झाली. मागं जयघोष झाला.

गाडी थांबवायला लावून शोभाबाई खाली उतरली. टोळीचे म्होरके अण्णाजी, धोतराचा सोगा खोचत पुढं आले.

"धक्का मारला का जी तुमी?" शोभाबाईनं विचारलं.

"मारला म्हणजे! आमच्याच धक्क्यानं चालू झाली."

"चालूच होती!" रूपराव ओरडले. "बंद झालीच नव्हती!"

"मंग आमी काय मजाक करून राह्यलो होतो?" अण्णाजींना मनापासून लागलं. "उमर गेली या फाट्यावर. कोणाची गाडी बिना धक्क्याची जाऊ नाई देली आमी."

रूपरावांचा चेहरा उतरला. शोभाबाईनं मागच्या फळीवरचे धुळीतले पंजे पाहिले, मग नवऱ्याकडे पाहिलं.

"निकाल केळझरात," ती म्हणाली.

तोवर अण्णाजींची टोळी मागं चढून बसली होती. चतुर्थी होती, आणि धक्का मारलेल्या गाडीत बसणं हा त्यांना आपला हक्क वाटत होता. टपाखाली भजन सुरू झालं. पुढं रूपराव प्रत्येक खड्डा असा चुकवत होते की माझा चष्मा आता नाकावरच राहिला. निरोपाच्या वेळी माणूस जास्तच नीट वागतो, तसं.

केळझरला टेकडीजवळ उतारावर त्यांनी गाडी लावली. दर्शनाला सगळ्यांनी डोळे मिटले. रूपरावांचे उघडे होते आणि ते बायकोकडे पाहत होते. तिचे हात बराच वेळ जोडलेले होते.

गाडीपाशी आलो. रूपरावांनी फेरी मारली, चाकं ठोकली, वर चढून सेल्फ मारला. टिक्. पुन्हा मारला. टिक्.

कुणी हललं नाही. देवळाच्या वाटेवर शर्त सगळ्यांना कळली होती. अण्णाजींनी तर दोन्ही हात पाठीमागं बांधून घेतले होते, चुकून जातील म्हणून. रूपराव काचेतून समोर बघत बसले.

"पाहून काय राह्यले?" शोभाबाई कडाडली. "लावा न हात!"

"अवं, पण धक्का..." रूपराव म्हणाले.

"गणपतीपर्यंतची गोष्ट होती. फाट्यावर गाडी आपल्या दमानं चालली. यांचे हात दिसले, धक्का नाई दिसला. आता तर घरी नेयाची हाये. अण्णाजी, तुमी तिकून लागा!"

पदर खोचून तिनं स्वतः मागच्या फळीला पाठ लावली. मी तिच्या शेजारी लागलो. अण्णाजींच्या तोंडावर असं तेज आलं की काय सांगू. उतारावर गाडी हलली, घरंगळली, खोकली, आणि काळ्या धुराचा लोट सोडून चालू झाली. रूपराव आता थांबायला तयार नव्हते. आम्ही सगळे गाडीमागं पळालो. कुणी कुणाला वर ओढलं, मला अण्णाजींनी, शोभाबाईला चार हातांनी. ती फळीवर बसून धापा टाकत, धुरानं काळ्या झालेल्या चेहऱ्यानं हसत होती.

"शोभा चढली का?" पुढून आवाज आला.

"चढली!" आम्ही एकदम ओरडलो.

ती उठली, टपाची दांडी धरून पुढं गेली आणि केबिनच्या पत्र्यावर मूठ आपटली.

"चला जी! जातानी त्या बाजूनं घ्या, तिकडलं शिवार राह्यलं पाहाचं!"