आक्कानं चाळलेला मुरूम

या गोष्टीचा मला आजही संताप येतो, आणि तो संताप मी मोठ्या हौसेनं सांगत फिरतो.

रस्त्यांसाठी माती तपासणाऱ्या शहरातल्या प्रयोगशाळेत मी नोकरीला होतो. नवा रस्ता ठरला की त्या वाटेवरची माती पोत्यात भरून आमच्याकडे यायची. ती पाण्यात किती फुगते, किती भार सोसते, ते बघून रस्त्याखाली मुरमाचा थर किती जाड घालायचा हे ठरायचं. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर पातळ रस्ता टाकला तर थोड्याच दिवसांत त्याच्या लाटा होतात.

एकदा फुलंब्रीकडच्या एका गावाचं पोतं आलं. माझ्या आक्काचं सासर. पोतं सोडलं आणि मी बघतच राहिलो. आत लालसर, रवाळ, देखणा मुरूम. आक्काच्या लग्नात त्याच वाटेवरच्या काळ्या चिखलानं माझी नवी चप्पल गिळली होती, ती अजून परत दिलेली नाही. त्या शिवारात लाल काय ते मिरची आणि कुंकू.

साहेबांना सांगितलं, तर मान वर न करता म्हणाले, "माती चांगली निघाली तर तुमच्या पोटात का दुखतं?"

"साहेब, ही त्या वाटेवरची नाही."

"पोत्यावर गाव तेच आहे ना? पास झाली ना? मग सही करा."

सही न करता मी रविवारी एसटी धरली.

दाजींचा दुधाचा धंदा. रोज मोटारसायकलला कॅन बांधून शहरात यायचे. पावसाळ्यात वाट बंद झाली की दूध घरातच नासायचं. म्हणून या रस्त्यासाठी सगळ्यात जास्त खेटे त्यांनीच घातले होते.

"दाजी, पोत्यात माती कुठली भरली?"

"कुठली म्हंजे? गावची."

"वाटेवरची?"

"डोंगरावरची. डोंगर काय दुसऱ्या गावात हाय व्हय?"

झालं होतं असं. माती न्यायला आलेल्या इंजिनिअरला गावानं उन्हात उभंच राहू दिलं नाही. पाहुण्यानं कुदळ धरायची आणि गावानं बघायचं, हे कसं दिसेल? त्याला सावलीत बसवून चहा-भजी दिली, आणि दाजी बैलगाडी घेऊन डोंगराकडे गेले. तोही बहाद्दर भजी संपवून पोतं घेऊन निघून गेला.

दारातून आक्का म्हणाली, "खडं मी येचले. गव्हाच्या चाळणीनं चाळला. तुझ्या हपिसात जायचा माल, तसाच कसा धाडायचा?"

मी कपाळाला हात लावला. "अहो, पोरगी दाखवायची तर तुम्ही शेजारची दाखवली."

दाजी उसळले, "मग काय करावं? आपली नापास झाली असती अन रस्ता पल्याडच्या गावाला गेला असता, तर तुम्ही आणून देणार होता व्हय, पावनं?"

माती नापास होत नाही, फक्त थर जाड घालावा लागतो, हे मी घसा फोडून सांगितलं. कुणाला पटेना. मग दोन सारखे ग्लास मागितले. वाटेवरची काळी माती वाळवून, बारीक करून दोन्हींत सारखीच घातली. एकात रॉकेल ओतलं, कारण त्यात माती फुगत नाही, दुसऱ्यात पाणी.

सकाळी सगळी आळी ओट्यावर जमली. रॉकेलमधली माती होती तिथंच बसली होती. पाण्यातली फुगून जवळजवळ दुप्पट झाली होती.

दाजींनी ग्लास हातात घेऊन फिरवून फिरवून बघितला. "वरून कुणी टाकली नाय ना?"

कुणीच टाकली नव्हती.

"म्हंजे रस्त्याखाली ह्यो गिलास हाय म्हणा." ग्लास ओट्यावर ठेवून त्यांनी विचारलं, "खरी माती धाडली तर रस्ता कधी व्हईल?"

मला खोटं बोलता आलं नाही. कागद परत वर जाणार, खर्च नव्यानं मंजूर होणार. हा पावसाळा तर गेलाच.

"लई भारी कायदा तुमचा. खोटी माती दिली तर लगेच रस्ता, अन खरी दिली तर दूध नासवा."

दाजी तणतणत उठले आणि त्यांनी स्वतः वाटेवर कुदळ मारली.

नवं पोतं बघून साहेब म्हणाले, "पास झालेली माती टाकून हट्टानं काळी आणणारा माणूस पहिल्यांदा बघतोय." म्हणजे गुन्हेगार मीच.

त्या पावसाळ्यात वाट बंद झाली. दाजी माझ्याशी बोलेनासे झाले. आक्कानं अडकलेल्या दुधाचा खवा करून मोठा डबा पाठवला आणि निरोप दिला, "रस्ता झाल्यावर मिळायचा नाय. खाऊन घे."

पुढं रस्ता झाला, आणि त्यावरून दाजींची मोटारसायकल अजून धावते. खालचा जाड थर कुठल्या मुरमाचा? त्याच डोंगरावरच्या. तो कुणी चाळला मात्र नव्हता, आणि त्याबद्दल आक्का अजून मलाच बोल लावते.