माझ्यानंतर प्याला धुतला

चर्चच्या पंचांनी माझ्या हातातला प्याला काढून घेतला, आत नेला आणि धुतला. नळाचा आवाज अख्ख्या चर्चमध्ये ऐकू येत होता. परत येऊन ते म्हणाले, “बाई, तुमची रांग मागं आहे. या वयात सांगावं लागतं?”

आमच्याकडे प्रभुभोजनाला भाकर मोडतात आणि द्राक्षरसाचा एकच प्याला फिरतो. आधी थोरली घराणी, वरच्या जातींतून ख्रिस्ती झालेली. शेवटी आमची आळी. माझे आजोबा महारवाड्यातून आले होते. बाप्तिस्म्याने पाप धुतलं जातं म्हणतात. जात नाही गेली. नियम कुठं लिहिलेला नाही. लहानपणापासून पाय आपोआप मागं थांबतात.

त्या रविवारी थांबले नाहीत. मार्थाबाई थोरल्या घरच्या, गुडघ्यांनी अधू. अलिबागच्या दवाखान्यातली आयाची नोकरी सुटल्यावर मी त्यांच्याकडे लागले होते. आंघोळ घालायची, भरवायचं. त्या म्हणाल्या, “लेकी, मला वेदीपर्यंत धर गं.” मी धरलं. त्या प्याल्या आणि प्याला सवयीने शेजारी सरकला. शेजारी मी. मीही प्याले.

नळ वाहत होता तेव्हा मी मार्थाबाईंकडे बघितलं. सकाळी माझ्याच हातची पेज त्यांच्या पोटात होती. त्या वेदीला टेकून चष्मा पुसत राहिल्या. दुसऱ्या दिवसापासून मी त्यांच्याकडे गेले नाही.

पाळकसाहेब, आमचे पाद्री, म्हणाले, “मनाला लावून घेऊ नका. पहिल्या ख्रिस्ती मंडळीपासूनची शिस्त आहे ही.” मी ऐकून घेतलं. पण पटेना. चर्चच्या कपाटात आद्य मंडळीच्या इतिहासाची जुनी मराठी पुस्तकं पडून आहेत. ती घरी आणली आणि वाचत गेले.

पहिले ख्रिस्ती घराघरांत जमायचे, एकत्र जेवायचे. करिंथ शहरातल्या मंडळीत खात्यापित्या लोकांनी आधी जेवून घ्यायला सुरुवात केली. गरीब उशिरा यायचे आणि उपाशी राहायचे. प्रेषित पौलाने पत्र लिहून त्या मंडळीला चांगलंच झापलं. पुढं एका रोमी सुभेदाराने माहिती काढायला दोन बायांचा छळ केला. दोघी गुलाम, आणि दोघी मंडळीच्या सेविका. पदावरच्या. तिथं मी वाचायची थांबले. गुलाम बाई पदावर, आणि माझ्या ओठांचा विटाळ.

पुन्हा पाळकसाहेबांकडे गेले. “साहेब, कुठल्या पहिल्या मंडळीपासून?”

त्यांनी आधी दार लोटलं. “मला ठाऊक आहे सगळं. पाळक होताना सेमिनरीत शिकवतात.”

“मग?”

“मग काय! थोरली घराणी उठून गेली तर मंडळी टिकेल? वादळात चर्चचे पत्रे उडाले, ते कोणी घातले?”

“पैसे त्यांनी घातले. वर आमची आळी चढली होती.”

ते अडाणी असते तर मी सोसलं असतं. हा माणूस जाणत होता. माझ्या लग्नात, नवऱ्याच्या मातीला, यानेच प्रार्थना केली होती. सगळं जाणून वेदीमागं उभा राहिला, आणि मला खोटं सांगितलं.

मी म्हटलं, “मी त्या रांगेत उभी राहणार नाही. रविवारी घरीच भाकर मोडीन. येतील त्यांच्याबरोबर.”

संध्याकाळी पंच दारात आले. पायरी चढले नाहीत. “वेगळं बसताय म्हणे? मग कब्रस्तानाचंही वेगळं बघा.”

माझा नवरा तिथं आहे. त्याच्या शेजारची जागा माझी, हे अख्ख्या मंडळीला माहीत आहे. त्यांनी बरोबर तिथंच हात घातला.

आळीतली जाऊबाई म्हणाली, “पाय धर त्यांचे. एकटी कुठं जाशील मरून?”

मी रविवारी पुढच्या खोलीत चटई टाकली. जाऊबाई आली नाही. शेजारच्या दोघी आल्या. मी भाकर मोडली, कोण आधी ते विचारलं नाही.

नवऱ्याशेजारी निजण्यासाठी जन्मभर शेवटी उभं राहायचं असेल, तर मला तिथं निजायचं नाही. माझी माती कुठंही करा. त्या कब्रस्तानासाठी मी कुणापुढं हात जोडणार नाही. माझ्यामागं माझ्या माणसांनीही जोडू नयेत, हे सांगून ठेवलंय.