बांगडीपुरता दाब

रोबोटच्या पंजाला अंडं न फोडता उचलायला शिकवायचं, ही मेहनाजची सोलापुरातली नोकरी. पंजाच्या बोटांवर बसणारी, दाब ओळखणारी लवचिक रबरी कातडी ती बनवायची. आणि इकडं तुळजापुरात तिच्या अम्मीच्या, नसीमबीच्या, हातून बांगड्या फुटत होत्या! दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

साखरेच्या आजारानं नसीमबीच्या बोटांतली जाण गेली होती. देवीला आलेल्या बायकांना जन्मभर हिरवा चुडा भरणारे ते हात. एका नव्या नवरीच्या मनगटात काच घुसली, रक्त आलं, तशी या बाईनं बांगड्यांची पेटी बंद केली ती केलीच. दिवसभर खाटेवर बसून असायची. मेहनाजला ते बघवेना.

तिनं अम्मीच्या बोटांसाठी तीच कातडी करायला घेतली. बोटांवर टोप्या घालायच्या. दाब जास्त झाला की मनगटावरचा पट्टा थरथरणार. पहिल्या टोप्या जाड झाल्या, बांगडी धरताच येईना. दुसऱ्या पातळ होत्या, पण रबर सावकाश दबायचं आणि पट्टा थरथरायचा तो बांगडी फुटल्यावर. वरातीमागून घोडं!

"फुटल्यावर रडायला मी हाय की," नसीमबी म्हणाली. "ह्यो पट्टा कशाला?"

मेहनाज चिडली, मग हसली आणि पुन्हा कामाला लागली. शेवटी तिनं रबर गुळगुळीत साच्याऐवजी सँडपेपरवर ओतून पाहिलं. थरावर बारीक खडबड उठली. बोट टेकताच ती दबायची, सोडताच उठायची, आणि पट्टा वेळेवर थरथरायचा. कागद घासून, रबर सोलून तिनं कितीतरी थर काढले.

आता चाचणीला परक्या बाईचा हात कुठल्या तोंडानं मागायचा? तिनं स्वतःचाच पुढं केला. टोप्या घालून नसीमबी बांगडी भरू लागली. बांगडी अंगठ्याच्या उंचवट्याशी अडली, पट्टा थरथरला. नसीमबी थांबली. लेकीचा हात चोळून मऊ केला, बांगडी जरा वळवली आणि ती अलगद मनगटात गेली. मग दुसरी, मग तिसरी. हात भरला तरी एकही फुटली नाही. मेहनाजचे डोळे भरून आले.

"मंगळवारी पेटी उघडते," नसीमबी म्हणाली आणि लेकीचा हात पुन्हा पुन्हा चाचपू लागली.

"काय झालं अम्मी? दुखतंय का तुम्हाला?"

"न्हाय गं. तुझा हात माझ्या हातात हाय, हे पट्टा सांगतोय. मला कळंना."

नसीमबीनं टोप्या काढून ठेवल्या, लेकीचा हात उचलून स्वतःच्या गालाला लावला आणि तसाच धरून ठेवला.

"इथं कळतंय," ती म्हणाली. "किती खरखरीत करून घेतलास गं हात, माझ्यापायी!"