दोघींच्या दरात आफ्रिका

"माणशी किती पडलं?" हा प्रश्न ताई लग्नाच्या पंगतीतही विचारायच्या. हात पुसता पुसता, थेट वधूपित्यालाच. ठाण्यात वर्तकनगरजवळच्या आमच्या पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कारखान्यात त्या कॉस्टिंग बघायच्या. एक खोका बनवायला कागद, खळ, मजुरी, वीज धरून किती खर्च येतो, ते काढायचं काम. जन्मभर तेच केल्यामुळे समोर येईल ती गोष्ट डोक्यांनी भागून बघायची त्यांना सवय लागली होती. असं एक माणूस तुमच्याही कचेरीत असेल, आणि तुम्हीही त्याला हसत असाल.

ताई कोपरला एकट्या राहायच्या. लग्न केलं नव्हतं, आईवडील गेले होते, भाऊ गावी. हौसमौज म्हणून काही नसावी अशी आम्ही आपली समजूत करून घेतली होती. त्यामुळे एका दुपारी डबा खाताना "मला आफ्रिकेला जायचंय, जंगल बघायला," असं त्या म्हणाल्या तेव्हा आमचे घास हातातच राहिले.

"ताई, मागे येऊरचं जंगल आहे की. बिबट्या फुकटात दिसेल," मी म्हणालो.

त्या हसल्या नाहीत. "अरे, लहानपणी राणीच्या बागेत एक वाघ बघितलेला मी. गजांच्या मागे नुसता इकडून तिकडे, तिकडून इकडे. मला वाटलं, ही तर आमची आई. ओट्यापासून मोरीपर्यंत, मोरीपासून ओट्यापर्यंत. तेव्हापासून एकदा मोकळं जनावर बघायचंय मला. चालत सुटलं की लांबच लांब जाणारं."

आम्ही डबे बंद केले आणि कामाला लागलो.

मग खर्चाची जुळवाजुळव सुरू झाली. डोंबिवलीतल्या एका टूरवाल्याकडून त्यांनी पत्रक आणलं आणि त्यावर आडव्या रेघा मारायला घेतल्या. गरम हवेच्या फुग्यातून सफर होती, ती पहिल्यांदा उडाली. "सिंह खाली असतो ना? मग मी वर कशाला जाऊ?" शहरातलं महागडं हॉटेल उडालं, शेवटच्या दिवसाची खरेदी उडाली. एक आकडा मात्र काही केल्या हलेना. पत्रकावर दर माणशी होता, पण एका तंबूत दोघं धरून. एकट्याने जायचं तर अख्खा तंबू त्या एकट्याच्या अंगावर.

"माणशी म्हणून लिहितात आणि एकट्याला माणूस धरत नाहीत!" ताई चिडल्या. पगारातून साठलेल्या पैशात दोघींच्या दरातली आफ्रिका बसत होती, एकटीच्या दरातली बसत नव्हती. म्हणजे आता दुसरी बाई शोधायला हवी होती.

त्यांनी विहारातल्या बायकांना विचारलं, बिल्डिंगमधल्या बायकांना विचारलं, आमच्या पॅकिंग खात्यातल्या मुलींना विचारलं. माझ्या बायकोलाही फोन आला. "अगं, निम्मा तंबू घेतेस का?" बायको म्हणाली, "ताई, मला घरातली पाल चालत नाही हो." कोणाची मुलं दहावीला, कोणाच्या सासूचं ऑपरेशन. हसत हसत सगळ्यांनी नाही म्हटलं.

शेवटी टूरवाल्यानेच एक नाव दिलं. कल्याणच्या निवृत्त शिक्षिका, यजमान वारलेले, मुलाकडे राहणाऱ्या. त्यांनाही जायचं होतं आणि त्यांचंही घोडं ह्याच दरापाशी अडलं होतं. ताईंनी त्यांना कोपरला मुक्कामाला बोलावलं. तंबूत निभेल का, ते आधी घरी बघून घ्यायचं म्हणून.

"पास झाल्या," सोमवारी ताई म्हणाल्या. "घोरतात थोडं. पण एका लयीत घोरतात. मला झोप लागली."

त्यानंतर दर शनिवारी कल्याणच्या बाई कोपरला. दोघी खर्चाचा तक्ता पुढ्यात घेऊन बसायच्या, जास्त सामान चालत नाही म्हणून रद्दीवाल्याच्या काट्यावर बॅगा ठेवून बघायच्या. तिकडे जाण्याआधी पिवळ्या तापाची लस घ्यावी लागते, तीही जोडीने जाऊन घेतली. ताईंच्या बोलण्यात 'आम्ही' हा शब्द यायला लागला. "आम्ही ठरवलंय", "आम्हाला खिडकी हवी". मला ते ऐकून फार बरं वाटायचं.

निघायच्या थोडं आधी कल्याणच्या बाईंच्या सुनेला दिवस गेल्याचं कळलं. मुलगा-सून दोघं नोकरीवर. बाईंना घर सोडता येईना. "पुढच्या वर्षी," त्या म्हणाल्या. पुढच्या वर्षी बाळ लहान होतं, त्याच्या पुढच्या वर्षी ते सारखं आजारी. ताई थांबल्या. तोवर त्या निवृत्त झाल्या, फंडाचे पैसे हातात आले. मी म्हणालो, "ताई, आता एकटीच्या दरातही परवडतंय. जाऊन या."

"परवडतंय रे. पण समोर सिंह आल्यावर 'ते बघा, ते बघा' कोणाला म्हणू? ड्रायव्हरला?"

पैशांची अडचण केव्हाच संपली होती, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

नातू शाळेत जायला लागला त्या वर्षी मी एकदा कोपरला गेलो, तर ताईंनी मोबाइल माझ्यापुढे धरला. कल्याणच्या बाईंचं स्टेटस. उघड्या जीपमध्ये बाई, मांडीवर नातू, मागे जिराफ. मुलाने वाढदिवसाची भेट म्हणून अचानक तिकिटं हातात ठेवली होती. आई इतकी वर्षं आफ्रिका आफ्रिका करते, हे तो घरात ऐकतच होता. आईच्या कपाटातली ताईंच्या तक्त्याची प्रत त्याने तशीच टूरवाल्याला नेऊन दिली. एका तंबूत मुलगा-सून, दुसऱ्यात आजी-नातू. लस तर आधीच टोचलेली.

"मुलगा गुणी आहे त्यांचा," ताई म्हणाल्या. "जिराफ छान आलाय."

परत आल्यावर बाईंनी ताईंना फोन केला. "मला मुलाला नाही म्हणता आलं नाही," असं म्हणून त्या रडल्या. ताईच त्यांची समजूत काढत बसल्या. मला त्या बाईंचा राग आला. मुलाचाही आला. त्याचं काही चुकलं नव्हतं हे कळतं, तरी आजही येतो.

पुढच्या वर्षी ताई अख्ख्या तंबूचे पैसे भरून एकट्या गेल्या.

आता ताई नाहीत. गेल्या वर्षी थोड्या आजाराचं निमित्त झालं आणि गेल्या. कल्याणच्या बाई आल्या होत्या, जिन्यात उभ्या होत्या. मला त्यांच्याशी बोलवलं नाही. ताईंचा विषय निघाला की मला त्या आफ्रिकेहून परत आल्यावरची भेट आठवते.

"कसं होतं ताई?" मी विचारलं होतं.

"मोठं होतं रे. नजर पुरत नाही इतकं मोठं."

मग त्या चहा टाकायला उठल्या आणि ओट्यापाशी उभ्या राहून सांगायला लागल्या.

"एका सकाळी हत्ती आले. अख्खा कळप. मध्ये पिल्लं, कडेने मोठ्या हत्तिणी. गाडीच्या इतके जवळून गेले की त्यांचा श्वास ऐकू येत होता. मला राहवेना. मी शेजारच्या बाईंचा हात घट्ट धरला. नागपूरकडच्या होत्या कोणी, ओळख नव्हती."

"मग?"

"त्यांनी हळूच सोडवून घेतला. रागाने नाही रे. त्यांना फोटो काढायचा होता."