सुचित्राचा शनिवार

आयर्लंडातल्या नास गावात अकरा वर्षं काढलेल्या सुचित्राला एक वाईट खोड होती. कुणी काहीही विचारो, ही म्हणणार, "चालेल." नवऱ्याच्या नोकरीमागून नागपूर सोडायचं? चालेल. भाड्याच्या घरात तळण करायचं नाही? चालेल. इथे आल्यावर त्या 'चालेल'चं इथल्या बोलीतलं 'ग्रँड' झालं एवढंच. खोड काही गेली नाही.

घरी तळता येईना, म्हणून पाच वर्षांपूर्वी तिने गावच्या हॉलचं स्वयंपाकघर दर शनिवारी आठ ते बारा घेतलं आणि सांबारवडी सुरू केली. कोथिंबीर, खोबरं, खसखस ठासून भरलेली, अस्सल नागपुरी. बारा वाजता पार डब्लिनहून माणसं डबे घेऊन दारात उभी असत. त्या चार तासांत ती मुकुलची बायको नव्हती, कागदोपत्री कुणाची डिपेंडंट नव्हती. वडीवाली सुचित्रा होती, आणि तिला ते फार आवडायचं.

पण हॉलचा मॅनेजर डेक्लन होता गोडबोल्या. योगावाल्यांच्या चहासाठी त्याने आधी शेवटचा अर्धा तास मागितला. मग एक शेगडी. मग तिचं भांड्यांचं कपाट. दर वेळी, "ग्रँड ना, सुचित्रा?" आणि ही बया हसून, "ग्रँड!" अहो, मऊ लागलं की लोक कोपराने खणणारच! सप्टेंबरात त्याने चिठ्ठीच हातात ठेवली: पुढच्या महिन्यापासून शनिवार कॉफीवाल्यांचा, तुला सोमवार. कामाच्या दिवशी भरदुपारी वड्या न्यायला कोण येणार, याचं कपाळ?

ती त्यालाही 'ग्रँड' म्हणून आली.

मंगळवारी लायब्ररीत इंग्रजीचा वर्ग असे. निवृत्त शिक्षिका मॉरीनबाईंनी त्या दिवशी फळ्यावर लिहिलं, 'पुट अप विथ'. म्हणजे नकोशी गोष्ट मुकाट्याने सोसणं. पुढे माणूस येईल, नाहीतर वस्तू. शेजारी, आवाज, पाऊस, काहीही. "आपापली वाक्यं लिहा," बाई म्हणाल्या. पोलंडच्या बाईने नवऱ्याचं घोरणं लिहिलं, ब्राझीलच्या पोराने पाऊस. सुचित्रा खाली मान घालून लिहीतच सुटली. मी डेक्लनला सोसते. गेलेली शेगडी सोसते. गेलेलं कपाट सोसते. सोमवार सोसणार आहे. अख्खं पान भरलं.

बाईंनी प्रत्येक वाक्यावर बरोबरची खूण केली, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "एकही चूक नाही. पण आम्ही हे जास्त करून 'वोन्ट' लावून वापरतो, 'नाही सोसणार' असं. हीच वाक्यं तशी लिहून आण."

सुचित्राला रडूच आलं. रागही आला, आणि तो बाईंचा नव्हता.

घरी मुकुल म्हणाला, "मी करतो डेक्लनला फोन. तू बोललीस तर उगाच वाकडं होईल."

"होऊ दे वाकडं! वड्या मी लाटते, बोलेनही मीच."

शुक्रवारी दुपारी ती हॉलवर गेली. डेक्लनने चहा विचारला. तिने घेतला नाही. "सोमवार नको. आय वोन्ट पुट अप विथ इट."

डेक्लनचं हसू जागच्या जागी थिजलं. "पण तूच ग्रँड म्हणालीस ना?"

हे मात्र खरं होतं. बोट देणारीही तीच, मनगट गेल्यावर मूग गिळून बसणारीही तीच. ती तोडक्यामोडक्या इंग्रजीत म्हणाली, "म्हणाले. आमच्यात नाही म्हणणं उद्धटपणाचं वाटतं. ती चूक माझी. पण शनिवारही माझा."

"आता हॉलच्या कमिटीला विचारावं लागेल..."

"विचार ना. गावच्या जत्रेत त्याच कमिटीने माझ्या वड्या तीनतीनदा मागून खाल्ल्यात. लाव फोन, मी बसलेय." आणि खुर्ची ओढून ती खरंच बसली. निघून जा म्हणाला असता तरी हलली नसती.

तीन फोन झाले. शेवटी डेक्लनने कानकोंडा होऊन भिंतीवरच्या तक्त्यावर शनिवारी कॉफीवाल्यांचं नाव खोडलं आणि सुचित्राचं लिहिलं. मग नेहमीसारखं मान वळवून, गोड आवाजात विचारलं, "आठ ते साडेअकरा. ग्रँड?"

"नाही," सुचित्रा म्हणाली. "बारा."